फॉरमॅट मारण्याआधी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार काढून घेतला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. नव्या सुरक्षा-दुरुस्त्या येणे मात्र थांबले आणि ‘विंडोज ११ वर या’ हा तगादा वाढला. पुण्या-मुंबईच्या कंपनीत असले तगादे आयटी विभाग निस्तरतो. जळगाव जिल्ह्यातल्या जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी ते काम दुकानाचा मालक, सेवा केंद्र चालवणारा किंवा घरातला बीसीएला असलेला मुलगा करतो. त्यातल्या काहींच्या संगणकात एक नव्हे, दोन ऑपरेटिंग सिस्टिम असतात : विंडोज आणि लिनक्स (उदाहरणार्थ उबुंटू). यालाच ड्युअल बूट म्हणतात.

अपग्रेड सुरळीत झाले तर प्रश्नच नाही. बिघडले की एके सकाळी ‘उबुंटू की विंडोज’ असे विचारणारा मेनू दिसेनासा होतो, किंवा काळ्या पडद्यावर इंग्रजीची एक ओळ येऊन सगळे थांबते. मग यंत्र उचलून दुकानात. “भाऊ, उबुंटू उडालं वाटतं.” “ठेवून जा, फॉरमॅट मारून देतो.” खरे नुकसान बहुतेक वेळा इथे होते. अपग्रेडमध्ये जे गेलेलेच नसते, ते फॉरमॅटमध्ये जाते.

म्हणून या लेखाचे सांगणे एवढेच : दोन सिस्टिमच्या यंत्रात अपग्रेडनंतर काही दिसेनासे झाले, तर ते पुसले गेले असे धरून चालू नका. बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला ते आधी पाहा. पडद्यावर जे दिसते त्यावरून ते बरेचसे ओळखता येते.

दोन सिस्टिम कशासाठी?

एखाद्या डीटीपीच्या दुकानाचा संगणक घ्या. लग्नसराईत तिथे पत्रिका निघतात, एरवी बॅनर, बिलबुके, पत्रके. काम कोरल ड्रॉमध्ये चालते. जुन्या फायलींसाठी पेजमेकरही ठेवलेला असतो, जरी ॲडोबीने त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली काढली होती. मराठी टायपिंगला श्री-लिपी. हा सगळा संसार विंडोजवरचा. सेवा केंद्रातही तेच : बोटांचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, स्कॅनर यांचे ड्रायव्हर कंपन्या आधी विंडोजसाठी काढतात. त्याच घरातले कोणी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात संगणकशास्त्र शिकत असेल, तर सरावाला लिनक्स लागते. दुसरा संगणक घेण्यापेक्षा आहे त्याच डिस्कमध्ये पन्नास-साठ जीबी जागा काढून उबुंटू टाकणे सोयीचे, शिवाय फुकट.

दुसरे कारण यंत्राच्या वयाचे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप, सिक्युअर बूटची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ नंतरचे, चालतात. त्याआधीचे यंत्र धडधाकट असले तरी अधिकृत यादीत बसत नाही. अशा मालकांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची योजना दिली. अनेकांनी मात्र विंडोज १० आहे तसे ठेवून इंटरनेटच्या कामासाठी शेजारी लिनक्स टाकले. म्हणजे ड्युअल बूट हा आता फक्त हौशी विद्यार्थ्यांचा प्रकार राहिलेला नाही.

बटण दाबल्यापासून मेनूपर्यंत

बटण दाबल्यावर पहिल्यांदा ना विंडोज जागे होते, ना लिनक्स. मदरबोर्डवरच्या चिपमधला एक प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या यंत्रांत तो बायोस, नव्या यंत्रांत यूईएफआय.

बायोसची पद्धत साधी होती. डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटचा तुकडा उचलायचा आणि चालवायचा. या तुकड्याला एमबीआर म्हणतात. त्यात ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट डिस्कच्या वाटणीच्या तक्त्याला आणि शेवटचे २ बाइट खुणेला. तक्त्यात नोंदी फक्त चार, त्यामुळे प्राथमिक पार्टिशन चारच. एमबीआर एकच असल्याने शेवटी जी सिस्टिम टाकाल, तिचा प्रोग्रॅम तिथे बसतो आणि आधीचा पुसला जातो. ‘विंडोज नंतर टाकले की लिनक्स जाते’ हा समज त्या काळातला. त्या काळातही लिनक्स जात नव्हते, त्याचा दरवाजा जात होता.

यूईएफआयने ही अडचण काढली. इथे डिस्कवर ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ नावाचा छोटा भाग असतो. विंडोज स्वतः तो करते तेव्हा बहुधा फक्त १०० एमबीचा. त्यात मायक्रोसॉफ्ट नावाचे फोल्डर असते, उबुंटू नावाचे असते आणि बूट नावाचे एक राखीव फोल्डरही असते. प्रत्येक सिस्टिमची सुरुवातीची फाइल आपापल्या फोल्डरमध्ये. यातली कोणती आधी चालवायची याचा क्रम डिस्कवर नसतो, मदरबोर्डवरच्या स्मृतीत असतो.

जामनेरकरांना पाचोरा स्थानक आठवून हे चटकन कळेल. भुसावळकडे जाणारी ब्रॉडगेज आणि जामनेरला येणारी नॅरोगेज, दोन्ही मार्गांचे प्रवासी त्याच स्थानकात यायचे. जामनेरच्या फलाटाकडे नेणारी पाटी कोणी काढून टाकली असती, तर नवख्याला वाटले असते की जामनेरची गाडीच नाही. रूळ मात्र जागच्या जागी असते. अपग्रेडनंतर बहुतेक वेळा फक्त ही पाटी काढली गेलेली असते.

लिनक्सच्या बाजूने मेनू दाखवणारा प्रोग्रॅम म्हणजे ग्रब. यूईएफआय ग्रबला हाक मारते, ग्रब मेनू दाखवतो, आणि विंडोज निवडले तर ग्रब विंडोजच्या बूट मॅनेजरकडे सूत्रे देतो. यूईएफआय, ग्रब, मग सिस्टिम : या साखळीचा कोणता दुवा तुटला ते शोधायचे.

मेनूच येत नाही, थेट विंडोज उघडते

हा सर्वांत जास्त दिसणारा आणि सर्वांत किरकोळ बिघाड. विंडोजच्या मोठ्या अपडेटने स्वतःचे नाव क्रमात वर नेलेले असते. यंत्र सुरू होताना बूट मेनूची कळ दाबायची : एचपीवर एफ९, डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. यादीत उबुंटू हे नाव दिसले तर तेच निवडा. उघडले की अर्धे काम झाले. मग यूईएफआयच्या सेटिंगमध्ये जाऊन बूटच्या क्रमात उबुंटूला पहिल्या जागी न्या आणि सेव्ह करा. पाच मिनिटांचे काम आहे, पेन ड्राइव्हही लागत नाही.

यादीत नावच नसेल तर मदरबोर्डवरची नोंद पुसली गेलेली आहे. ईएफआय पार्टिशनमधले उबुंटूचे फोल्डर तरीही बहुधा शाबूत असते. उबुंटूच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र ‘ट्राय उबुंटू’ पद्धतीने सुरू करायचे, म्हणजे डिस्कला हात न लावता, आणि तिथून ग्रब पुन्हा बसवायचा. बूट-रिपेअर नावाचे साधन हे काम दोन-चार क्लिकमध्ये करते. या वेळी ‘इन्स्टॉल’ हे बटण दाबायचे नाही. घाईत तेच दाबले जाते, म्हणून मुद्दाम सांगितले.

उलटाही प्रकार होतो. लिनक्स अपग्रेड केल्यावर ग्रबचा मेनू येतो, पण त्यात विंडोजच नसते. याचे कारण ग्रबच्या २.०६ या २०२१ च्या आवृत्तीत आहे. शेजारच्या सिस्टिम शोधणारे ओएस-प्रोबर हे साधन सुरक्षेच्या कारणाने तिथपासून आपोआप चालेनासे झाले. उपाय असा : ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ या ओळीपुढे ‘फॉल्स’ लिहायचे, आणि टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यायची. विंडोज यादीत परत येते. ते डिस्कवरून कुठे गेलेलेच नव्हते.

मधेच उबुंटू उघडते

विंडोजचे अपग्रेड चालू असताना यंत्र दोन-तीनदा आपले आपण रिस्टार्ट होते. ड्युअल बूटच्या यंत्रात प्रत्येक रिस्टार्टला आधी ग्रबचा मेनू येतो, काही सेकंद वाट पाहतो आणि कोणी काही दाबले नाही तर उबुंटू उघडतो. माणूस चहा पिऊन परत येतो तर समोर उबुंटूचा पडदा. त्याला वाटते अपग्रेड फसले. प्रत्यक्षात विंडोज अर्ध्यावर थांबलेले असते. यंत्र रिस्टार्ट करून मेनूतून विंडोज निवडले की ते पुढे चालू होते. त्या अवस्थेत उबुंटूमधून विंडोजचा ड्राइव्ह उघडून फायली हलवणे मात्र धोक्याचे. सोपा मार्ग म्हणजे अपग्रेडपुरते बूटच्या क्रमात विंडोज पहिले ठेवायचे आणि काम झाल्यावर क्रम पूर्ववत करायचा.

अपग्रेड सुरूच होत नसेल आणि ‘सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आले नाही’ अशा अर्थाचा संदेश येत असेल, तर तो १०० एमबीचा ईएफआय भाग भरलेला आहे. सी ड्राइव्हवर कितीही जागा असली तरी इथे उपयोग नाही. उबुंटू तिथे थोडीच जागा घेते, पण काही लिनक्स आपला कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभाही तिथेच ठेवतात. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सल्ला तिथले विंडोजच्या बूटचे फॉन्ट काढून जागा करण्याचा आहे. कोणते फोल्डर कशाचे हे कळत नसेल तर तिथे अंदाजाने काहीही डिलीट करू नये.

जुने यंत्र, नवी अट

दुरुस्तीला कठीण जाणारा प्रकार हा. २०१२-१५ च्या सुमाराचे यंत्र, विंडोज १० जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेले, शेजारी लिनक्स. विंडोज ११ साठी सिक्युअर बूट लागतो असे ऐकून मालक बायोसमध्ये जातो, ‘सीएसएम’ किंवा ‘लेगसी’ हा पर्याय बंद करतो आणि सिक्युअर बूट चालू करतो. पुढच्या वेळी पडद्यावर येते : बूट करण्याजोगी डिस्क नाही. दोन्ही सिस्टिम एकदम गायब!

डिस्क खराब झालेली नसते. जुन्या पद्धतीची डिस्क नव्या पद्धतीने वाचण्याचा आग्रह यंत्र धरत असते. सीएसएम पुन्हा चालू केला की दोन्ही सिस्टिम परत येतात. नवी डिस्क विकत घेण्याआधी एवढे करून पाहायला पैसे लागत नाहीत.

एमबीआर डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलण्यासाठी विंडोजमध्ये २०१७ पासून ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे साधन आहे. फक्त विंडोज असलेल्या यंत्रावर ते नीट चालते. ड्युअल बूटवर ते दोन ठिकाणी अडते. प्राथमिक पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील तर ते नकार देते, आणि लिनक्सचे पार्टिशन त्याच्या ओळखीचे नसते. ते पार पडले तरी एमबीआरमध्ये बसलेल्या ग्रबला आता कोणी बोलवत नाही, तो यूईएफआय पद्धतीने नव्याने बसवावा लागतो. इथे पूर्ण बॅकअप घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

याच जुन्या यंत्रांत ‘ग्रब रेस्क्यू’ असा काळा पडदा दिसतो. विंडोजच्या अपडेटने रिकव्हरीसाठी नवे पार्टिशन केले, किंवा कोणी ‘हे कशाचे’ म्हणून लिनक्सचे पार्टिशन पुसले, की असे होते. ग्रबचा पहिला तुकडा सापडतो, पण उरलेला भाग ज्या क्रमांकाच्या पार्टिशनमध्ये होता तिथे तो नसतो. ‘एलएस’ टाइप केले की यंत्र पार्टिशनांची यादी देते. त्यातले लिनक्सचे ओळखून ग्रबला पत्ता सांगता येतो आणि उबुंटू उघडल्यावर ग्रब कायमचा दुरुस्त करता येतो. पार्टिशनच पुसले असेल तर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून विंडोजचा बूट दुरुस्त करावा लागतो.

ऑगस्ट २०२४ चा धडा

१३ ऑगस्ट २०२४ रोजी विंडोजचे नेहमीचे मासिक सुरक्षा अपडेट आले. त्यानंतर जगभरच्या अनेक ड्युअल बूट यंत्रांवर विंडोज व्यवस्थित उघडत होते, पण लिनक्स निवडले की ‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड : सिक्युरिटी पॉलिसी व्हायलेशन’ अशी ओळ येई, खाली ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’, आणि यंत्र बंद.

याची मुळे २०२० मध्ये आहेत. त्या वर्षी जुलैमध्ये ग्रबमधली ‘बूटहोल’ नावाची त्रुटी जाहीर झाली. सिक्युअर बूटचे काम सही असलेलाच प्रोग्रॅम सुरू होऊ देण्याचे. पण ग्रबच्या जुन्या प्रतींवर सही होती आणि त्यांतच भोक होते. एकेका सदोष फाइलची ओळख बंदीच्या यादीत टाकायची म्हटले, तर मदरबोर्डच्या चिपमध्ये त्या यादीला जागा पुरेना. मग एसबॅट ही पद्धत निघाली. प्रत्येक बूट प्रोग्रॅमला पिढीचा क्रमांक द्यायचा आणि यंत्राला सांगायचे की अमुक पिढीच्या खालचा चालवू नकोस.

ऑगस्टच्या अपडेटने हा किमान क्रमांक वाढवला. ग्रबमधली २०२२ ची एक त्रुटी बंद करणे हा हेतू. ड्युअल बूट असलेल्या यंत्रांवर हे लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते, पण काही यंत्रांतले ड्युअल बूट त्यांच्या तपासणीला ओळखताच आले नाही. ज्यांचे लिनक्स बरेच दिवस अपडेट केलेले नव्हते, त्यांचा ग्रब जुन्या पिढीचा ठरला. लिनक्सचे जुने पेन ड्राइव्हही त्याच कारणाने चालेनात, म्हणजे रोग्याबरोबर औषधही बाद.

उपाय असा होता : सिक्युअर बूट तात्पुरता बंद करायचा, उबुंटू उघडायचे, टर्मिनलमध्ये ‘सुडो मॉकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ ही आज्ञा द्यायची, रिस्टार्ट करून एकदा उबुंटू उघडायचे, ते पूर्ण अपडेट करायचे आणि सिक्युअर बूट परत चालू करायचा. मायक्रोसॉफ्टची स्वतःची दुरुस्ती मे २०२५ च्या अपडेटमध्ये आली. मधल्या नऊ महिन्यांत ज्यांनी डिस्क फॉरमॅट केली, त्यांची डिस्क पूर्ण निरोगी होती.

यातून घेण्याजोगा धडा : ड्युअल बूटमध्ये एक सिस्टिम अपडेट करायची आणि दुसरी महिनोन्‌महिने तशीच ठेवायची, हे चालत नाही. शिवाय सिक्युअर बूटच्या २०११ च्या मूळ प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपते आणि त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रे घेत आहेत. मुदत संपली म्हणून चालू यंत्र बंद पडत नाही, पण पुढच्या बूट-दुरुस्त्या मिळायला नवी प्रमाणपत्रे लागतात. विंडोज, लिनक्स आणि यंत्राच्या कंपनीचे फर्मवेअर, तिन्हींची अपडेट घेत राहणे हाच त्यावरचा मार्ग.

निळा पडदा आणि ४८ आकडे

सिक्युअर बूट बंद करा असे वर म्हटले, त्याला एक मोठी अट आहे. तुमच्या विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू असेल तर अशा बदलानंतर निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती नसेल तर विंडोजच्या ड्राइव्हमधला डेटा कोणालाही काढता येत नाही, जामनेरच्या दुकानदाराला नाही आणि मायक्रोसॉफ्टलाही नाही.

आपण तर असे कुलूप लावलेच नाही, असे अनेकांना वाटते. पण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने मांडलेल्या यंत्रात, होम आवृत्तीतसुद्धा ते आपोआप लागते. की त्या खात्यात जमा असते. अडचण अशी की खाते दुकानदाराने स्वतःच्या किंवा कुठल्यातरी तात्पुरत्या ईमेलवर उघडलेले असते. म्हणून नवा लॅपटॉप घेताना खाते स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडा. बायोसमध्ये हात घालण्याआधी ती की कागदावर उतरवून घ्या. सगळ्या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

लिनक्स अर्ध्यात थांबले तर

उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते : २२.०४, २४.०४ अशी. एकीतून दुसरीत जाताना हजारो पॅकेज बदलतात. मधेच वीज गेली तर काही नवी, काही जुनी अशी स्थिती होते. पुन्हा सुरू करून टर्मिनलमध्ये ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा दिली की अर्धवट राहिलेले काम बऱ्याचदा पुरे होते. पडदाच काळा राहत असेल तर ग्रबमध्ये ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा. लिनक्स जुना कर्नल लगेच पुसत नाही, आधीचा निवडला की यंत्र बहुधा चालू होते.

एनव्हिडियाचे ग्राफिक्स किंवा काही वायफाय कार्ड असलेल्या यंत्रात रिस्टार्टनंतर निळ्या पार्श्वभूमीवर ‘परफॉर्म मॉक मॅनेजमेंट’ असे येते. दहा सेकंदांत काही केले नाही तर ते निघून जाते आणि नंतर वायफाय चालत नाही. तिथे ‘एन्‌रोल मॉक’ निवडून, ड्रायव्हर टाकताना ठरवलेला पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा व्हायरसचा नाही.

बिघाड नसलेले बिघाड

विंडोजचे घड्याळ नेमके साडेपाच तास मागे दिसत असेल तर बॅटरी बदलू नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते, विंडोज त्याच आकड्याला भारतीय वेळ समजते. उबुंटूला मदरबोर्डवर स्थानिक वेळ ठेवायला सांगितले की फरक मिटतो.

उबुंटूमधून विंडोजच्या ड्राइव्हवर फाइल सेव्ह होत नसेल तर बहुधा विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ चालू आहे. विंडोज ८ पासून आलेली ही सोय यंत्र बंद करताना विंडोजचा काही भाग गोठवून ठेवते, म्हणून लिनक्स त्या ड्राइव्हला फक्त वाचण्यापुरते उघडते. अपग्रेडनंतर ही सोय परत चालू झालेली असू शकते. ड्युअल बूटच्या यंत्रात ती बंदच असावी.

आणि खास आपल्याकडचा प्रकार. सिस्टिम नव्याने टाकल्यावर जुनी लग्नपत्रिका उघडली तर ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड. फाइल खराब झालेली नसते. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवत, फॉन्ट नसला की खालची इंग्रजी उघडी पडते. तोच फॉन्ट परत टाकला की मजकूर दिसतो. म्हणून फॉन्टच्या फोल्डरचाही बॅकअप हवा. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुराला हा त्रास नाही. प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा युनिकोड फॉन्ट विंडोजवर मिळतो, रेड हॅटने २००४ मध्ये खुला केलेला लोहित अनेक लिनक्सवर मिळतो. निदान नवे काम तरी युनिकोडमध्ये करावे.

सुरुवात करण्याआधी

डी ड्राइव्हवर कॉपी करून ठेवणे हा बॅकअप नाही, सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे भाग असतात. बॅकअप वेगळ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या यंत्रावर दोन-चार फायली उघडून पाहा.

उबुंटूचा आणि विंडोजचा, दोन्ही पेन ड्राइव्ह आधीच ताज्या आवृत्तीचे करून ठेवा. एकेका सिस्टिमची फाइल पाच-सहा जीबीची किंवा त्याहून मोठी असते. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीत ती तुकड्यातुकड्याने उतरवण्यापेक्षा फायबर असलेल्या ठिकाणी एका दमात उतरवा.

विजेची सोय पाहा. घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर वीज जाताना होणाऱ्या क्षणभराच्या खंडात डेस्कटॉप रिस्टार्ट होतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडची कळ असते, ती चालू करा. लॅपटॉप चार्जरला लावूनच ठेवा. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, तेव्हा हे काम सकाळी लवकर करावे, लॅपटॉप गादीवर ठेवू नये.

दोन्ही सिस्टिमचे अपग्रेड एकाच दिवशी करू नका. एक झाले की आठवडाभर वापरा. विंडोज ११ पटले नाही तर पहिल्या दहा दिवसांत मागे जाण्याची सोय आहे. तोवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर जागा अडवते म्हणून पुसू नका.

फॉरमॅट कधीच करू नये असे नाही. डिस्कच मरायला लागली असेल, फायलींची रचना दुरुस्तीपलीकडे गेली असेल किंवा यंत्रात व्हायरस खोल शिरला असेल, तर डेटा बाहेर काढून नव्याने सुरुवात करणेच शहाणपणाचे. पण तो निर्णय तपासणीनंतरचा आहे, तपासणीऐवजीचा नाही. यंत्र दुकानात नेताना पडद्यावर आलेल्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढून न्या, शेवटी कोणते अपडेट केले ते सांगा, आणि देताना स्पष्ट बजावा : “भाऊ, मला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका.”